दोन रंगांत मावलेली झाडं

आम्हा सटाण्याच्या लोकांना बाग म्हटलं की डाळिंब आठवतं, आणि डाळिंब म्हटलं की लाल रंग. तेव्हा झाडापानांचं चित्र नुसत्या काळ्या-पांढऱ्यात करायचं म्हटलं तर आमच्याकडे लोक हसतील. पण मंडळी, चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचे लिनोकट एकदा बघाच.

लिनोकट म्हणजे लिनोलियमवर कोरून घेतलेला ठसा. लिनोलियम ही जमिनीवर अंथरायची वस्तू. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. मुख्य माल काय, तर आपलं जवसाचं तेल! ते घट्ट करून त्यात बुचाचा भुसा मिसळतात. कोरलेला भाग पांढरा राहतो, उरलेल्यावर शाई बसते. चित्र उलटं कोरायचं. करडा रंग नाहीच. पान उन्हात की सावलीत, हे रेघांच्या जाडीवरून दाखवायचं. आमच्या भाषेत एका बिटची इमेज, आणि अनडू नाही :) मशीन नसलं तरी चमच्याच्या पाठीने घासून ठसा निघतो. म्हणजे एकदम स्वस्त काम.

चित्तप्रसादांचा जन्म १९१५ चा, नैहाटीचा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते मिदनापूरच्या गावांतून फिरले, उपाशी माणसं काळ्या शाईत काढली. 'हंग्री बेंगॉल' हे त्यांचं पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून जाळलं. १९४६ मध्ये ते मुंबईत आले आणि पुढे कितीतरी वर्षं अंधेरीत राहिले. तिथे त्यांनी शेतकरी, गुरं, मुलं, झाडं कोरली. १९७८ मध्ये ते गेले.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याने दुष्काळ पाहिलाय, त्याच्यासाठी झाड म्हणजे शोभा नसते. म्हणूनच त्यांची काळी रेघ इतकी ठाम येते.

२००० नंतरच्या दशकात आमच्याकडे डाळिंबावर तेल्या आला. जिवाणूंचा रोग, फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं. लोकांनी उभ्या बागा उपटल्या. मामांचीही गेली. तिचा एकही फोटो घरात नाही. फळांच्या वजनाच्या पट्ट्या तेवढ्या सापडतात.

असो. सटाण्यातल्या एखाद्या चित्रकलेच्या सरांनी मुलांच्या हाती लिनोचा तुकडा द्यावा आणि म्हणावं, घरचा मळा कोरा. हिशेबाच्या कागदांपलीकडेही काही शिल्लक राहील.