नर्तकीला मंच कोण देतो? तंजावरचा दरबार ते मद्रासची सभा

१/ १५ मार्च १९३१. मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने सदिर नृत्याचा कार्यक्रम ठेवला होता. कल्याणी नावाच्या नर्तकीच्या दोन मुली, राजलक्ष्मी आणि जीवरत्नम्, त्या सायंकाळी नाचल्या. प्रेक्षक मात्र मोजकेच आले. याच सदिरला पुढे ‘भरतनाट्यम’ म्हणू लागले आणि आज चेन्नईत डिसेंबर-जानेवारीच्या हंगामात त्याचेच कार्यक्रम सभागृहोसभागृही रंगतात.

२/ हा बदल समजून घेण्यासाठी एक साधा प्रश्न विचारावा लागतो: नर्तकीला नाचण्याची संधी कोण देत असे, आणि कोणत्या अटीवर? गेल्या दोनशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले. दरवेळी कुणाला नवा मंच लाभला, तर कुणाच्या पायाखालचा जुना मंच निघून गेला. या इतिहासातील एक महत्त्वाचे पर्व एका मराठी दरबारात घडले.

३/ तंजावरचे भोसले घराणे म्हणजे शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांचा वंश. या दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत अशा चारही भाषांत काव्य-नाटके रचली जात. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नावावर तर नृत्यासाठी रचलेली मराठी ‘निरूपणे’ आहेत. एकच कथासूत्र धरून क्रमाने सादर करावयाच्या या रचना होत.

४/ याच दरबाराच्या आश्रयाने चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू पुढे आले. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम भरतनाट्यमच्या कार्यक्रमात आजही पाळला जातो, त्याची घडी बसविण्याचे श्रेय परंपरेने या चौघांना दिले जाते. नृत्यशिक्षण आणि नृत्यरचना हा या घराण्याचा पिढीजात व्यवसाय होता.

५/ त्या काळी नर्तकीला संधी मिळे ती प्रामुख्याने तीन ठिकाणी: देवळात, दरबारात आणि धनिकांच्या घरच्या लग्नकार्यात. देवळातील सेवा बहुधा वंशपरंपरेने चाले. तिच्या मोबदल्यात जमिनीचे उत्पन्न किंवा देवळाकडून शिधा मिळे. आपल्याकडील वतनाची कल्पना असलेल्या वाचकाला ही व्यवस्था अपरिचित वाटणार नाही.

६/ या साऱ्या व्यवहारात नट्टुवनार हा कळीचा माणूस होता. तो गुरू असे, कार्यक्रमात झांजा वाजवून तालाचे बोल म्हणे आणि पुष्कळदा ताफ्याची सूत्रेही त्याच्याच हाती असत. मुलीचे शिक्षण पुरे झाले की ‘अरंगेट्रम’ होई. जाणत्यांच्या व आश्रयदात्यांच्या साक्षीने तिचे हे पहिले पदार्पण असे. मुलगी तयार झाल्याची वार्ता चार घरी पोचे, ती या समारंभातून.

७/ या व्यवस्थेचे बळ आश्रयदात्याच्या खजिन्यात होते आणि तेच तिचे दुबळेपणही होते. तंजावरच्या बंधूंपैकी चिन्नय्या म्हैसूरच्या दरबारी गेले, तर वडिवेलु त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या पदरी राहिले. एक दरबार सुटला तरी दुसरा गाठता येत होता. कलावंताला दरबार बदलण्याची ही मुभा संस्थाने टिकून होती तोवरच होती.

८/ १८५५ मध्ये तंजावरचे दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले. डलहौसीच्या काळातील कंपनी सरकारने वारसा नाकारून ते राज्य खालसा केले. राजकीय इतिहासात ही घटना एका ओळीत आटोपते. नर्तकी, नट्टुवनार आणि वादक यांच्या घरांपुढे मात्र उद्याच्या भाकरीचा प्रश्न उभा राहिला. अनेक घराण्यांनी नव्या आश्रयाच्या शोधात मद्रासची वाट धरली.

९/ काहींचा मार्ग थेट बडोद्याला गेला. १८८० च्या सुमारास तरुण सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. सासरी त्या पहिल्या चिमणाबाई झाल्या. या सोयरिकीच्या निमित्ताने गौरा आणि कांतिमती या नर्तकी आपल्या नट्टुवनारांसह बडोद्यास आल्या. तमिळ मुलखातील नृत्य मराठी राजघराण्यांच्या नात्यातून गुजरातेत पोचले ते असे.

१०/ बडोद्यात कलावंतांसाठी ‘कलावंत कारखाना’ नावाचे स्वतंत्र खातेच होते. नर्तकी हीही दरबारची पगारी नोकर झाली. नाचायचे केव्हा आणि कोणापुढे, हे दरबार ठरवी. आश्रयात स्थैर्य होते. परंतु निवड नर्तकीची नव्हती.

११/ इकडे मद्रासमध्ये व्यापारी, वकील आणि जमीनदार हे नवे यजमान झाले. जॉर्ज टाउनमधील वीणा धनम्माळ यांच्या घरी शुक्रवारी सायंकाळी होणारे वादन ऐकण्यास शहरातील रसिक आवर्जून जात. इथे रसिकच कलावतीच्या दारी येत, ही लहान गोष्ट नव्हती. या धनम्माळ म्हणजे पुढे विख्यात झालेल्या नर्तकी बालसरस्वती यांच्या आजी.

१२/ १८९२-९३ पासून मद्रास इलाख्यात ‘नाच-विरोधी’ चळवळीने जोर धरला. ज्या समारंभात नर्तकी नाचणार असेल तिथे जाऊ नये, अशी सुधारकांची हाक होती. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्याकडे निवेदनेही गेली. सरकारने हस्तक्षेप केला नाही. पण सुशिक्षित घरांतून येणारी आमंत्रणे हळूहळू आटू लागली. नर्तकीच्या उत्पन्नावर पहिला घाव बसला तो इथे, कायदा होण्याच्या कितीतरी आधी.

१३/ या लढ्यातील सर्वांत समर्थ आवाज डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचा. त्या मद्रास विधान परिषदेच्या पहिल्या महिला सदस्य आणि त्यांच्या मातोश्री देवदासी समाजातील. लहान मुलींना देवाला वाहण्याची प्रथा म्हणजे त्यांचे आयुष्य परक्याच्या हाती देणे, हे त्यांना जवळून ठाऊक होते. त्यांचा रोष त्या मुलींच्या कळवळ्यातून आलेला होता.

१४/ दुसरी बाजूही तितकीच जिवंत होती. देवदासींनी संघटित होऊन सरकारकडे अर्ज केले. बंगलोर नागरत्नम्मा यांच्यासारख्या विदुषी गायिकेने या विधेयकास विरोध केला. प्रथेतील अनिष्ट भाग काढताना आमची विद्या, मालमत्ता आणि मान का काढता, हा या विरोधाचा आशय. या स्त्रियांना शिक्षण होते, स्वतःची मिळकत होती, आणि त्या काळच्या बहुतेक स्त्रियांना हे लाभलेले नव्हते.

१५/ या वादात उडी घेतली ती ई. कृष्ण अय्यर या वकिलाने. ते स्वतः नृत्य शिकले होते आणि स्त्रीवेश घेऊन नाचतही असत. १९३२ च्या डिसेंबरमध्ये वृत्तपत्रांतून त्यांची आणि मुथुलक्ष्मी रेड्डींची जाहीर पत्रझुंज झाली. प्रथा गेली तरी कला राहावी, ही अय्यर यांची भूमिका. त्यासाठी कलेला नवी जागा हवी होती.

१६/ ती जागा म्हणजे ‘सभा’. १९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाबरोबर संगीत परिषद भरली, आणि तिच्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली. सभासदांची वर्गणी, तिकिटे, कार्यक्रम ठरविणारी समिती आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात येणारे परीक्षण ही सभेची रचना. राजाची मर्जी गेली, समितीची आली. पण तिकीट घेऊन कुणीही अनोळखी माणूस नृत्य पाहू शकत होता.

१७/ १९३१ चा तो फिका कार्यक्रम अय्यर यांच्याच पुढाकाराचा. १९३३ च्या आरंभी त्याच बहिणी पुन्हा अकॅडमीत नाचल्या, तेव्हा सभागृह भरले होते. दरम्यानच्या वर्तमानपत्री वादाने नृत्याविषयीचे कुतूहल जागे केले होते. ज्या वादाने नर्तकीची आमंत्रणे तोडली, त्यानेच तिला नवा प्रेक्षकही मिळवून दिला.

१८/ बालसरस्वतींचा प्रवास हे सारे टप्पे एकत्र दाखवितो. १९२५ मध्ये वयाच्या सातव्या वर्षी कांचीपुरमच्या एका देवळात त्यांचे अरंगेट्रम झाले. १९३३ मध्ये त्या म्युझिक अकॅडमीत नाचल्या. १९३४ मध्ये हरेन घोष यांनी त्यांना कलकत्त्यास नेले. घोष हे व्यावसायिक कार्यक्रम-संयोजक. नव्या काळात नट्टुवनाराच्या जोडीला हाही माणूस लागत होता.

१९/ १९३५ च्या डिसेंबरात अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या हीरक महोत्सवी संमेलनात रुक्मिणीदेवी अरुंडेल नाचल्या. ब्राह्मण कुळातील स्त्रीने जाहीरपणे हे नृत्य करावे, याने शहर चकित झाले. १९३६ मध्ये त्यांनी स्थापिलेली संस्था पुढे ‘कलाक्षेत्र’ म्हणून नावारूपास आली. वेशभूषा, प्रकाशयोजना आणि वादकांची बैठक यांत त्यांनी बदल केले. मध्यमवर्गीय मुलींसाठी मंच खुला झाला.

२०/ १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासी वाहण्याची प्रथा बंद झाली. त्याच कायद्याने देवळाच्या आवारात आणि देवाच्या मिरवणुकीत स्त्रियांनी नाचणेही बेकायदा ठरले. जुना मंच अधिकृतपणे मिटला. नव्या मंचावर त्या घराण्यांतील मुली फारशा दिसेनात. नट्टुवनार मात्र गुरू म्हणून हवे होते, आणि त्यांना शिष्या मिळत राहिल्या.

२१/ खुद्द बालसरस्वतींच्या वाट्यालाही चाळिशीच्या दशकात उपेक्षा आली. १९५३ मध्ये म्युझिक अकॅडमीत त्यांची नृत्यशाळा सुरू झाली. १९६२ मध्ये अमेरिका आणि १९६३ मध्ये एडिंबरा महोत्सव येथील कार्यक्रमांनी त्यांचे नाव जगभर झाले. १९७३ मध्ये अकॅडमीने त्यांना ‘संगीत कलानिधी’ ही पदवी दिली. संगीतासाठी असलेला हा सर्वोच्च मान नर्तकीस प्रथमच लाभत होता.

२२/ तंजावरचा मराठी धागाही तुटला नाही. १९४५ मध्ये मुंबईत राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर सुरू झाले आणि तंजावर परंपरेचे गुरू महाराष्ट्राच्या राजधानीत शिकवू लागले. कोकणातून आलेले आचार्य पार्वतीकुमार यांनी सरफोजीराजांची मराठी निरूपणे अभ्यासून ती पुन्हा नृत्यबद्ध केली. पोथीत निजलेल्या रचनांना मुंबईत पाऊल मिळाले.

२३/ आजच्या नर्तकाला सभा, महोत्सव, शिष्यवृत्ती, स्पर्धा आणि मोबाइलचा पडदा असे अनेक मंच उपलब्ध आहेत. जुने प्रश्न तरीही तेच राहतात: निवड कोण करतो, खर्च कोण सोसतो आणि या व्यवस्थेत कुणाला दारातूनच परत जावे लागते? १९३१ च्या त्या दोघी बहिणींच्या घराण्यांचे पुढे काय झाले, हे ध्यानात ठेवले तर हे प्रश्न विचारण्याचे अगत्य कळते.