सिन्ना नावाची माणसे

रोमन पुरुषाच्या नावाचे साधारणपणे तीन भाग असत: व्यक्तिनाम, कुलनाम आणि उपनाम. यांपैकी उपनामच पुष्कळदा लोकांच्या तोंडी रुळे. त्यामुळे कुळे वेगळी असली तरी उपनाम एक असले, की माणसांची गल्लत होण्यास वाव राही. ही गल्लत एखाद्याच्या जिवावर कशी बेतू शकते, याचे उदाहरण म्हणजे ‘सिन्ना’ हे उपनाम.

या नावाला दहशतीचे वलय मिळाले ते लुसियस कॉर्नेलियस सिन्ना याच्यामुळे. इ. स. पू. ८७ मध्ये मारियसच्या साथीने त्याने रोमचा ताबा घेतला आणि विरोधकांच्या कत्तली झाल्या. सलग चार वर्षे कॉन्सलपद भोगून इ. स. पू. ८४ मध्ये तो आपल्याच बंडखोर सैनिकांच्या हातून मारला गेला. त्याची मुलगी कॉर्नेलिया ही ज्युलियस सीझरची पत्नी. त्याच नावाचा त्याचा मुलगा, म्हणजे सीझरचा मेहुणा, इ. स. पू. ४४ मध्ये प्रेटर होता. सीझरच्या खुनानंतर त्याने जुलमी माणसाने दिलेले म्हणून आपले पदवस्त्र जाहीरपणे उतरवले आणि मृताविरुद्ध कडवट भाषण केले.

गायस हेल्वियस सिन्ना हा मात्र निराळ्याच कुळातला. तो कवी होता, कातुल्लसचा मित्र होता. पित्यावर आसक्त झालेल्या मुलीची कथा सांगणारे ‘झ्मिर्ना’ हे छोटेसे काव्य त्याने नऊ वर्षे घासूनपुसून पूर्ण केले. हे काव्य युगानुयुगे वाचले जाईल, असे भाकीत कातुल्लसने केले होते. आज त्याच्या मोजक्याच ओळी उरल्या आहेत.

हा सिन्ना सीझरचा स्नेही होता. प्लुटार्क सांगतो, की सीझरने आपल्याला जेवायला बोलावले आणि नको म्हणत असताही हात धरून ओढत नेले, असे स्वप्न त्याला पडले होते. अंगात ताप असूनही तो अंत्यविधीला गेला. जमावात कोणीतरी त्याचे नाव उच्चारले. हाच तो प्रेटर सिन्ना, असे समजून लोकांनी त्याला ठार केले. स्युटोनियसच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे शिर भाल्यावर मिरवण्यात आले. शेक्सपिअरने ‘ज्युलियस सीझर’मध्ये या प्रसंगाला अधिक भेदक वळण दिले आहे. तिथे चूक कळूनही जमाव थांबत नाही. कट करणारा नसेल, तर वाईट कवितांसाठी मारा, असे म्हणतो. नाव हाच पुरावा ठरला, की माणसाच्या खुलाशाला किंमत उरत नाही, हे त्याने अचूक ओळखले होते.

पुढे पाँपेचा नातू ग्नेयस कॉर्नेलियस सिन्ना याने ऑगस्टसविरुद्ध कट केल्याची कथा सेनेकाने सांगितली आहे. सम्राटाने त्याला क्षमा केली, इ. स. ५ मध्ये तो कॉन्सलही झाला. या क्षमेवर फ्रेंच नाटककार कॉर्नेय याने सतराव्या शतकात ‘सिन्ना’ हे नाटक लिहिले. कटाचा आरोप असलेल्या सिन्नाला सम्राटाची क्षमा मिळाली, पद मिळाले आणि नाटकाचे नायकपदही मिळाले. नऊ वर्षे एका काव्यावर खर्ची घालणारा सिन्ना मात्र साहित्याच्या स्मृतीत उरला तो मुख्यतः दुसऱ्याच्या भाषणाची शिक्षा भोगणारा म्हणून.