गोंदियाची महाविद्यालये आणि नागपूरचे विद्यापीठ

गोंदिया जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ नाही. जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण उच्च शिक्षणाच्या नकाशावर तो त्याआधीपासून होता तिथेच, म्हणजे नागपूर विद्यापीठाच्या पूर्व टोकाला राहिला. गोंदिया ते नागपूर हे अंतर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. येथील महाविद्यालयीन जीवनाचा इतिहास म्हणजे हे अंतर कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय. त्यात सरकारचा वाटा उशिराचा आहे; आधीचा बराचसा वाटा व्यापारी, विडी कारखानदार आणि स्थानिक शिक्षणसंस्थांचा आहे.

नागपूर व गोंदिया तेव्हा ज्यात होते, त्या मध्य प्रांतातील जुनी महाविद्यालये विद्यापीठापेक्षा वयाने मोठी होती. नागपुरात १८८३ मध्ये हिस्लॉप आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज सुरू झाले, तेव्हा त्यांच्या परीक्षा कलकत्ता विद्यापीठ घेत असे. पुढे ही महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाला जोडली गेली. प्रांताला स्वतःचे विद्यापीठ हवे, ही मागणी ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठाच्या स्थापनेने पूर्ण झाली. सर बिपिनकृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. सुरुवातीला विद्यापीठाशी सहा महाविद्यालये संलग्न होती आणि विद्यार्थिसंख्या हजाराच्या आत होती. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजचे खाणमालक. त्यांनी १९३० च्या मृत्युपत्राने विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपयांची देणगी दिली. तिच्यातून १९४२ मध्ये रसायन तंत्रज्ञानाची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट उभी राहिली. धनिकाने संपत्ती शिक्षणात घालायची आणि संस्थेने त्याचे नाव चालवायचे, ही पद्धत पुढे गोंदियात अधिक ठळकपणे दिसते.

गोंदिया हे रेल्वेने वाढवलेले गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वेचा हावड्याकडे जाणारा मार्ग येथून गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नैनपूर-जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन सुरू झाली आणि चांद्याकडेही (आताच्या चंद्रपूरकडे) फाटा निघाला. जंक्शनभोवती धानाच्या गिरण्या आल्या. आसपासच्या जंगलातील तेंदूपत्त्यावर विडीचा धंदा वाढला. उन्हाळ्यात गावोगावची माणसे पाने तोडून पुडके बांधत. कारखानदार सट्टेदारांमार्फत, म्हणजे मध्यस्थ ठेकेदारांमार्फत, पाने व तंबाखू घरोघर पोचवून विड्या वळून घेत. या धंद्यांनी गुजराती, मारवाडी आणि हिंदी भाषक व्यापारी कुटुंबे येथे आणली. भोवतालच्या खेड्यांत पोवार, कोहळी, कुणबी, गोंड आणि हलबा समाजांची वस्ती होती. गावात पैसा आला, शाळाही आल्या. पण मॅट्रिकनंतर शिकायचे तर मुलाला नागपूर, जबलपूर किंवा रायपूरची गाडी धरावी लागे. खोलीभाडे आणि खाणावळ परवडेल त्याच घरचा मुलगा पदवीधर होई. मुलीला शिकायला बाहेरगावी पाठवायचे का, हा प्रश्न बहुधा विचारलाही जात नसे.

स्वातंत्र्यानंतर प्रांतांच्या सीमा बदलल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात सामील झाला. जबलपूर व रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि तेथे वेगळी विद्यापीठे झाली. गोंदियाच्या उत्तरेस व पूर्वेस पूर्वी एकाच प्रांताचा मुलूख होता, तेथे आता राज्याची आणि विद्यापीठाचीही हद्द आली. विद्यार्थ्यासाठी नागपूर हीच एक सोयीची दिशा उरली.

याच काळात गोंदियात महाविद्यालये उभी राहिली. त्यांचे प्रवर्तक मनोहरभाई पटेल (१९०६–१९७०). गुजरातेतील नडियाद येथे जन्मलेले मनोहरभाई लहानपणी गोंदियाला आले, विडीच्या धंद्यात वाढले आणि पुढे गोंदियाचे आमदार झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. भंडारा जिल्ह्यात त्यांनी एकाच दिवशी २२ माध्यमिक शाळा सुरू केल्या, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. शाळा आणि महाविद्यालये एकाच सुमारास निघाल्याने शाळांचे विद्यार्थी महाविद्यालयांना मिळत गेले. कला व वाणिज्य शाखांसाठी नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय आणि विज्ञानासाठी धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय ही या काळातील दोन मुख्य महाविद्यालये. गावाच्या बोलण्यात ती ‘एनएमडी’ आणि ‘डीबी सायन्स’ झाली. मुलींसाठी वेगळे महाविद्यालय निघाले, शिक्षणशास्त्राचे पुंजाभाई पटेल महाविद्यालय आले, आणि पुढे अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षणही गोंदियात मिळू लागले.

शहरानंतर महाविद्यालये तालुक्यांत गेली. तिरोड्याचे सी. जे. पटेल, गोरेगावचे जगत, देवरीचे मनोहरभाई पटेल, अर्जुनी मोरगावचे एस. एस. जयस्वाल ही त्यांतली काही नावे. ही यादी वाचली, की इमारतींमागची आर्थिक घडणही उलगडते; बहुतेक नावे देणगीदारांची किंवा संस्थाचालक घराण्यांची आहेत. आमगावचे भवभूती महाविद्यालय मात्र एका संस्कृत नाटककाराचे नाव लावते. आठव्या शतकातील भवभूतीने आपले मूळ गाव पद्मपूर सांगितले आहे. नागपूरचे विख्यात पुराभिलेखतज्ज्ञ महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ते आमगावजवळचे पदमपूर असल्याचे मत मांडले. दुर्ग भागात सापडलेल्या एका अपुऱ्या वाकाटक ताम्रपटातही पद्मपूरचे नाव येते. नागपुरात झालेले संशोधन गोंदियाच्या एका गावाला असे महाविद्यालयाच्या पाटीवर मिळाले.

संलग्न महाविद्यालयाचे वर्ष विद्यापीठाच्या वेळापत्रकाने बांधलेले असते. अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल आणि पदवी नागपूरहून येतात. स्थानिक रंग भरतो तो वर्गाबाहेरच्या जीवनात. पावसाळ्यात प्रवेश, हिवाळ्यात क्रीडास्पर्धा आणि युवक महोत्सव, त्यानंतर स्नेहसंमेलन, म्हणजे सर्वांच्या तोंडी ‘गॅदरिंग’, आणि शेवटी परीक्षा, असा हा क्रम अनेक पिढ्यांच्या ओळखीचा आहे. वर्षाच्या घडामोडी दोन ठिकाणी नोंदल्या जात. दैनंदिन बातमी सूचना फलकावर लागे आणि वर्षभराची बातमी वार्षिकांकात छापली जाई. प्राचार्यांचे मनोगत, गुणवत्ता यादीत आलेल्यांची छायाचित्रे, विभागांचे अहवाल, मग विद्यार्थ्यांच्या कविता आणि लेख, अशी वार्षिकांकाची ठरलेली मांडणी. मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे वेगळे विभाग हे विदर्भातील वार्षिकांकांचे वैशिष्ट्य. नागपूर विद्यापीठाने १९४० च्या दशकातच मराठी व हिंदी या दोन्ही भाषांना पदवी शिक्षणाचे माध्यम म्हणून वाट करून दिली होती. दुकानात हिंदी, कचेरीत मराठी आणि घरी पोवारी, झाडीबोली किंवा गोंडी बोलणाऱ्या गोंदियाच्या विद्यार्थ्याला त्याचा मोठा आधार झाला.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिने महाविद्यालय आणि खेडे यांच्यात नवा संबंध जोडला. दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान आणि रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम, अशी तिची रीत. रस्ता, शोषखड्डा, वनराई बंधारा अशी कामे होत. संत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचा विचार विदर्भात आधीपासून रुजलेला असल्याने या शिबिरांना येथे तयार भूमी मिळाली. २००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे नाव देण्यात आले.

विद्यार्थी संसदेचा इतिहास मात्र खंडित आहे. एके काळी सचिवपदाच्या निवडणुकांनी महाविद्यालयांचा परिसर गजबजत असे. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाल्यानंतर प्रत्यक्ष निवडणुकांविरुद्ध मत तयार झाले आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर आधारित नेमणुकीची पद्धत आणली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा आली. ती कागदावर आली तेवढ्या वेगाने परिसरात आलेली नाही.

गोंदियाचा स्वतःचा म्हणावा असा समारंभ ९ फेब्रुवारीच्या सुमारास होतो. मनोहरभाई पटेल यांच्या जयंतीनिमित्त गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतील गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात. राष्ट्रीय नेते आणि चित्रपट कलावंत पाहुणे म्हणून येतात; फेब्रुवारी २०२४ मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड आले होते. विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ नागपुरात होतो आणि त्याला मोजकेच विद्यार्थी पोचतात. गोंदियाच्या मंडपात मात्र पदक मिळवणाऱ्याचे आईवडील आणि शिक्षक समोर बसलेले असतात. दीक्षान्ताची सामाजिक जागा येथे या समारंभाने भरून काढली आहे. पाहुणा कोण येणार याचीच चर्चा पदकांपेक्षा जास्त होते, हेही खरे.

दरम्यान नागपूर विद्यापीठाची हद्द दोनदा आकसली. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले आणि २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन होऊन चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे तिकडे गेले. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे जुन्या विद्यापीठात उरले. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय व बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय ही त्याची शिकण्याची जागा ठरली. त्याची संलग्नता मात्र नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी आहे. 

पदवी शिक्षण गोंदियाच्या तालुक्यांपर्यंत पोचले. संशोधनाचे केंद्र मात्र नागपूरच राहिले. वास्तविक जिल्ह्यात अभ्यासाचे विषय भरपूर आहेत. कोहळी समाजाने बांधलेले नवेगावबांधसारखे जुने तलाव, महाराष्ट्रात प्रामुख्याने याच भागात टिकलेला सारस पक्षी, सालेकसा तालुक्यातील कचारगड ही गोंडी समाजाची यात्राभूमी, पदमपूरचे अवशेष, धानशेती आणि विडी कामगारांचे जीवन. शेजारच्या साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार या लोकनाट्यावर केलेले काम, स्थानिक माणूस स्थानिक विषयाला भिडला तर काय होते, हे दाखवते. महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्ग आणि संशोधन केंद्रे आली, पण मोठे ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि विद्यापीठीय विभाग नागपुरातच आहेत. शिकण्यासाठी गोंदिया सोडण्याची गरज गेल्या साठ-पासष्ट वर्षांत कमी झाली. गोंदियावर संशोधन करण्यासाठी गोंदिया सोडण्याची गरज अजून संपलेली नाही.