अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या विद्यार्थिकृत प्रती

पोथीची नक्कल करणारा लेखक शेवटच्या पानावर शक, तिथि, स्थळ आणि आपलें नांव घालतो. कांहीं उणें असल्यास तो दोष मूळ प्रतीचा समजावा अशी प्रार्थनाही करतो. जुन्या कागदांच्या संग्राहकांस हें सांगावयास नको. परंतु याच जातीचें काम मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं अजिंठ्याच्या लेण्यांत सुमारें तेरा वर्षें केलें. त्यांनीं केलेल्या चित्रप्रतींपैकीं पुष्कळ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहेत. त्यांकडे चित्रें म्हणून पुष्कळांनीं पाहिलें. पोथी म्हणून पाहावें अशी माझी सूचना आहे.

ही शाळा जमशेटजींनीं देऊं केलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगींतून १८५७ सालीं सुरू झाली. शिक्षणाचें वळण साऊथ केन्सिंग्टनचें. प्रथम भूमितीच्या आकृति, मग पानाफुलांची नक्षी, मग ग्रीक मूर्तींचे प्लास्टरचे ठसे, असा तो जिना होता. तो चढून वर आलेल्या विद्यार्थ्यास पुढें काय द्यावें, हा खरा प्रश्न. ठसे काढून काढून हात तयार होतो. पण भिंत भरून जाईल एवढी रचना कशी बांधावी, शंभर माणसें एका प्रसंगांत कशीं बसवावीं, हें त्यांतून येत नाहीं. १८६५ सालीं शाळेंत आलेले जॉन ग्रिफिथ्स यांनीं त्याचें उत्तर अजिंठ्यांत पाहिलें. हिंदी विद्यार्थ्यापुढें ठेवावयास याहून उत्तम नमुने नाहींत, असें त्यांचें मत होतें. शाळेच्या हातून पुढें व्हिक्टोरिया टर्मिनसची सजावटही झाली. तो विषय वेगळा.

लेणीं इंग्रजांच्या दृष्टीस पडलीं १८१९ सालीं. १८४४ पासून मद्रास लष्करांतील रॉबर्ट गिल यांनीं कंपनी सरकारच्या हुकुमानें तेथील चित्रांच्या मोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसांत मांडल्या असतां डिसेंबर १८६६ च्या आगींत चार-पांच वगळून जळाल्या. ती हानि भरून काढण्यासाठीं ग्रिफिथ्स यांनीं मुंबई सरकारकडे मागणी केली, आणि १८७२ पासून १८८५ पर्यंत ते वरच्या वर्गांतील निवडक विद्यार्थी घेऊन निजामाच्या मुलखांतील या लेण्यांत जात राहिले. कॅनव्हासवर तैलरंगांत सुमारें तीनशें चित्रें झालीं. तीं साऊथ केन्सिंग्टनला गेलीं, आणि तेथें १८८५ सालीं पुन्हां आग लागून शंभराहून अधिक नष्ट झालीं. एकाच मूळ ग्रंथाच्या दोन प्रती दोन वेळां अग्नीच्या मुखीं पडाव्यात, असें दुर्दैव पोथ्यांच्या इतिहासांतही क्वचितच आढळेल. उरलेल्यांच्या आधारें ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे खंड १८९६-९७ सालीं निघाले.

आतां या प्रतींची चिकित्सा. मूळ चित्र मातीच्या गिलाव्यावर आहे. त्या मातींत भुसा व तूस कालवलेलें, वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व राजावर्त यांचे रंग. हें सर्व कॅनव्हासावर तेलांत उतरविणें म्हणजे मोडी पत्राची बाळबोध नक्कल करण्यासारखें आहे. मजकूर येतो, हात येत नाहीं. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत छायेच्या तीन रीति सांगितल्या आहेत, पत्रजा, ऐरिका व बिंदुजा. आणि आचार्य रेखेची प्रशंसा करतात, चतुर लोक छायेची, स्त्रिया अलंकारांची व इतर जन रंगाच्या संपत्तीची, असेंही म्हटलें आहे. तैलरंगाच्या प्रतींत रेखा छायेच्या पोटांत बुडते. पण त्यासाठीं विद्यार्थ्यांस दोष देणें न्याय्य नव्हे. हा ग्रंथ मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यानें छापला तो १९१२ सालीं, आणि स्टेला क्रामरिश यांचें चित्रसूत्राचें भाषांतर निघालें १९२४ सालीं.

१९०९ ते १९११ या काळांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृति कलकत्त्याचे तरुण तेथें गेले. त्यांच्या प्रतींत रेखा अधिक राखली आहे, हें कबूल. म्हणून मुंबईच्या प्रती टाकाऊ ठरवाव्या, हें मात्र मला पटत नाहीं. सुंदर अक्षराची प्रत तीच प्रमाण प्रत, असा पाठचिकित्सेंत नियम नाहीं. मधल्या तीस वर्षांत वटवाघळें, ओल आणि माणूस यांनीं भिंतीवरून जें उतरविलें, त्याचे साक्षीदार मुंबईचे विद्यार्थीच. प्रत्येक प्रत याझदानी यांच्या १९३० ते १९५५ च्या चार भागांतील छायाचित्रांशीं ताडून पाहावी, आणि जेथें भिंत आज मुकी आहे तेथें प्रतीचा पाठ ‘एकप्रतिक’ म्हणून नोंदावा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या कामांत भिंतीवर व्हार्निश चढविण्यांत आलें. तें कालांतरानें पिवळें पडलें, रंगासह सुटूं लागलें. १९२० नंतर निजाम सरकारनें आणविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनीं लाखेचा थर दिला, त्याचेंही पुढें तेंच झालें. नक्कल नीट यावी म्हणून मूळ पोथीवर तेल फासणारा लेखक आपण क्षम्य मानीत नाहीं. येथेंही मानूं नये.

राहिली पुष्पिका. पेस्तनजी बोमनजी (१८५१-१९३८) यांचें नांव राहिलें, कारण पुढें ते व्यक्तिचित्रकार म्हणून गाजले. जगन्नाथ अनंत हें नांव मात्र केवळ संग्रहालयाच्या सूचींत भेटतें. ‘अनंत’ हें पित्याचें नांव दिसतें. आडनांवच नसल्यानें घराण्याचा माग काढणें कठीण. ग्रंथावर नांव ग्रिफिथ्स यांचें, आणि लेखणी ज्यांची ते बहुतेक निनांवी, असा हा प्रकार आहे.

तेव्हां संग्राहकांस विनंति अशी कीं, मुंबई-पुण्याकडील ज्या घरांत त्या काळीं कोणी ‘ड्रॉइंग’ शिकला असेल, तेथील रद्दींत पोथ्यांबरोबर पारदर्शक कागदावरील छाप व सरावाचे कागदही पाहावे. प्रथम पाठ उलटून पाहावी: लेण्याचा क्रमांक (बहुधा १, २, १६ किंवा १७), साल, एखादी मोडी ओळ. कडा कापूं नयेत, कागद धुऊं नये, आणि नांव सांपडल्यास तें जसें लिहिलें असेल तसेंच, अशुद्ध असलें तरी, उतरून घ्यावें.