कल्याण येथील रेडिओ-दुर्बीण (इ. स. १९६५–६८)

महाराष्ट्रांतील रेडिओ-खगोलशास्त्राचा आरंभ जुन्नर तालुक्यांतील खोडदच्या दुर्बिणीपासून धरण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाहीं. इ. स. १९६५ सालींच कल्याणास अशी दुर्बीण उभी होती; आणि आम्हां मानकोलीकरांस कल्याण म्हणजे शेजारच.

खाडीच्या स्थिर पाण्यांत दोन खडे टाकले असतां शिखरावर शिखर येतें तेथें पाणी अधिक उचलतें. शिखरावर गर्त येतो तेथें तें निश्चल राहतें. हेंच तरंगांचें व्यतिकरण. नैयायिकांनीं शब्दाच्या गतीसाठीं वीचीतरंगन्याय योजिला खरा. परंतु त्याचा रोख तरंग पुढें सरकण्यावर आहे, दोन तरंगांच्या भेटीवर नव्हे.

कल्याणच्या ३२ तबकड्या सुमारे सहा फूट व्यासाच्या, आणि मूळच्या सिडनीजवळील पॉट्स हिल येथील. गोविंद स्वरूप यांनीं १९५३ ते १९५५ या काळांत तेथें त्यांवर काम केलें होतें. पुढें त्या भारतास देणगीदाखल मिळाल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीनें स्वरूपांनीं त्यांपैकीं २४ पूर्व-पश्चिम ६३० मीटरांच्या रेषेवर व ८ दक्षिणोत्तर २५६ मीटरांच्या रेषेवर मांडल्या. सर्वांच्या लहरी एका तालांत मिळविल्या, कीं तेवढ्या रुंदीच्या एकाच दुर्बिणीइतका सूक्ष्म वेध घडतो. १९६८ पर्यंतच्या वेधांत सूर्यबिंबाची कड अधिक तेजस्वी आढळली, व प्रभामंडलाचें तापमान सुमारे दहा लक्ष अंश निघालें.

खरी गोम मात्र तबकड्यांत नसून तारांत होती. लहरीची लांबी सुमारे ४९ सेंटिमीटर. म्हणजे एका तबकडीचा संदेश वीतभर मागें पडला, कीं शिखरावर गर्त येऊन दोन्ही संदेश परस्परांस खाऊन टाकतात. शक, हिजरी व सुहूर सन जंत्रीनें जुळविल्याखेरीज आपण दोन पत्रें एकापुढें एक लावीत नाहीं, तसेंच हें. येथील जंत्री स्वरूप व यांग यांनीं स्टॅनफर्ड येथें सिद्ध करून १९६१ सालीं प्रसिद्ध केली: मध्यवर्ती ठिकाणाहून तारेवाटे संदेश पाठवावा, तबकडीच्या टोंकाशीं त्यावर खूण उमटवून तो परतवावा, आणि जातां-येतां पडलेला फरक मोजावा. प्रत्येक तबकडीपर्यंत पायपीट करण्याची गरज यामुळें उरली नाहीं. ही रीत पुढें अन्यत्रही रूढ झाली.

खोडदास आज ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या विस्तारांत पसरल्या आहेत, आणि त्यांचे संदेश प्रकाशतंतूंतून येतात. पल्ला वाढला, प्रश्न कल्याणचाच.

कल्याणचें दप्तर बंदर व दुर्गाडी यांपाशींच कां थांबावें? स्वरूप २०२० सालीं निवर्तले. त्या वेधांच्या वह्या, नकाशे अगर छायाचित्रें कोणा वाचकाच्या पाहण्यांत असल्यास त्यांनीं मंडळास कळवावें.