नाव कोणाला हवं होतं?

थंडीत बोर्डीला येणाऱ्या पाहुण्यांपैकी काहींना समुद्र नको असतो आणि चिकूही नको असतात. त्यांना पणजोबा हवे असतात. टोरांटो, लंडन, कुठून कुठून पारशी-इराण्यांची नातवंडं येतात आणि गावातलं कोणीतरी त्यांना माझ्या ओटीवर आणून सोडतं. मी वाडवळ, निवृत्त मास्तर. पण लहानपण पारशांच्या वाडीला लागून गेलं, त्यामुळे जुनं गुजराती अक्षर लागतं. मोडी आजोबांनी शिकवली.

पाहुणे आधी आडनाव सांगतात. मी म्हणतो, ते बाजूला ठेवा. पारशांची आडनावं बहुतेक एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी कचेऱ्यांच्या अमलात पक्की झाली. एका भावाने ताडीचा मक्ता घेतला, तो ताडीवाला झाला. दुसरा मुंबईला जाऊन ठेकेदारी करू लागला, तो कॉन्ट्रॅक्टर. त्याआधी माणसाची ओळख म्हणजे स्वतःचं नाव आणि बापाचं नाव. त्यात नातवाला आजाचं नाव ठेवायची हौस. रुस्तम सोराब, सोराब रुस्तम, पुन्हा रुस्तम सोराब. यातला आपला कुठला?

उत्तर असलंच तर नामग्रहणाच्या वहीत असतं. घरातल्या गेलेल्या माणसांची ही यादी. मुक्तादच्या, म्हणजे पितरांच्या स्मरणाच्या, दिवसांत मोबेद म्हणजे धर्मगुरू ती वाचून एकेकाचं नाव प्रार्थनेत घेतो. नावाआधी दर्जा लागतो: दीक्षा घेतलेला धर्मगुरू तो एर्वद, गुरूच्या घरातला पण दीक्षा न घेतलेला तो ओस्ता, बाकी सारे बेहदीन. या एका शब्दावरून पुढची वाट ठरते. एर्वद निघाला तर नवसारी गाठायची. तिथे नावर म्हणजे दीक्षित झालेल्यांच्या याद्या आहेत, धर्मगुरूंच्या घराण्यांच्या छापील वंशावळी आहेत. बेहदीनाला तो रस्ता नाही.

शेजारच्या मायजींनी दाखवलेली वही मला अजून आठवते. सुरुवातीची पानं जांभळ्या शाईत, शेवटची काही नावं बॉलपेनने. मध्ये एक नाव खोडून पुन्हा लिहिलेलं आणि समोर नुसतं ‘रोज बेहराम, माह आदर’. साल नाही. पाहुण्यांचा चेहरा पडला. पण मोबेदाला साल कशाला हवं? वर्षाचा दिवस पाळायला रोज म्हणजे दिवस आणि माह म्हणजे महिना पुरतात.

साल असलं तरी ते यझदगर्दी, म्हणजे पारशी सनाचं. त्यात साधारण 630 मिळवायचे: 1250 म्हणजे आपलं 1880-81. पण या पंचांगात लीप वर्ष नसल्याने दर चार वर्षांनी ते एक दिवस मागे सरकतं. आज शहेनशाही नवरोज ऑगस्टच्या मध्यावर येतो, 1880 च्या सुमारास तो सप्टेंबरात येत असे. शिवाय शहेनशाही आणि कदमी या पारशांच्या दोन पंथांच्या पंचांगांत महिन्याचा फरक. घराणं कुठल्या पंथाचं हे विचारल्याशिवाय मी तारीख काढत नाही.

इंग्लंडातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे पूर्वज शोधणाऱ्यांनाही असंच गणित करावं लागतं. महिन्यांना परधर्मीय देवांची नावं नकोत म्हणून ते ‘पहिला महिना’, ‘दुसरा महिना’ असं लिहीत आणि 1752 पर्यंत तिथे पहिला महिना मार्च होता. त्यांच्यात पुरोहित नाही. लग्न सभेत लागतं आणि हजर असलेले सगळे दाखल्यावर सह्या करतात. त्यामुळे एका लग्नात अख्खा गोतावळा सापडतो. पारशांच्या लग्नाला असा कागद 1865 च्या कायद्याने आला: लग्न लावणाऱ्या धर्मगुरूने दाखला करायचा, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या. तिथून पुढे शोध बराच सोपा होतो.

इराण्यांचं गाडं वेगळ्या ठिकाणी अडतं. ते यझ्द-केरमानकडून एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला आले. इराणात झरथुष्ट्र्यांवरचा जिझिया 1882 मध्ये उठला, तोवरची पिढी जाच सोसून निघालेली. वहीत तिकडच्या खेड्याचं नाव असलं तर नशीब.

आम्हा मराठी घरांची वही नाशिक-त्र्यंबकला, तीर्थोपाध्यायांकडे. गाव आणि आडनाव सांगितलं की ते चोपडी काढतात. माझ्या पणजोबांची मोडीतली सही मी तिथेच पाहिली. उपाध्यांनी ती जपली, कारण यजमानाचं घराणं कोणाकडे हे त्यावरून ठरतं. मोबेदाला नाव प्रार्थनेसाठी हवं होतं, उपाध्यांना यजमानपदासाठी, तलाठ्याला साऱ्यासाठी. पूर्वजांची नावं आपल्यासाठी म्हणून कोणीच लिहिली नाहीत.

मग ज्यांचं नाव कोणालाच नको होतं त्यांचं काय? माझा एक जुना विद्यार्थी तलासरीकडचा वारली. त्याला आजा सापडला तो फेरफाराच्या नोंदीत: नुसतं पहिलं नाव आणि पुढे ‘वारली’, बापाचा पत्ता नाही. 1945 साली झरी गावात भरलेल्या सभेनंतर वारल्यांनी वेठ नाकारली. ज्यांच्याकडे ती चाले त्या जमीनदारांत पारशी होते, मराठीही होते. 1948 चा कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन, म्हणजे कूळ जमिनीचा मालक मानला जाण्याचा दिवस, ठरला आणि कसणाऱ्याचं नाव लिहिणं भाग पडलं. कितीतरी वारली घरांची कागदावरची वंशावळ तिथून सुरू होते. त्याच्या मागचं सगळं म्हाताऱ्यांच्या तोंडी.

म्हणून आता मी पाहुण्यांना उलट काम सांगतो. घरात वाडीची जुनी हजेरीची चोपडी असेल तर तिचे फोटो पाठवा. त्यात झाडं लावणाऱ्यांची, पाणी घालणाऱ्यांची नावं असतात. मजुरी वाटायला मुकादमाला ती लागत. तीही कोणाच्या तरी पणजोबांचीच नावं आहेत.