फुकुशिमा स्थलांतर (२०११)

जपानमधील फुकुशिमा दाइची अणुवीजकेंद्रातील अपघातानंतर रहिवाशांना हलवण्याची मोहीम. अणु-आणीबाणीत घर सोडावे की दारेखिडक्या लावून आतच थांबावे, या वादात तिचा दाखला हमखास निघतो.

११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामीमुळे केंद्राची वीज गेली. त्याच रात्री ३ किमी. परिसर सोडण्याचा आदेश निघाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो १० आणि संध्याकाळी २० किमी.पर्यंत वाढला. १५ मार्चला २० ते ३० किमी. पट्ट्यातील लोकांना मात्र घरातच राहण्यास सांगण्यात आले. नकाशावर वर्तुळे काढणे सोपे, पण वारा ती पाळत नाही. नामिए गावातले पुष्कळ लोक त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले आणि किरणोत्सर्गी ढग नेमका तिकडेच सरकला. बहुतांशी ३० किमी.बाहेर असलेले इताते गाव सोडण्याचा आदेश तर एप्रिलमध्ये आला.

घाईने घर सोडण्यातला धोका, ही याची दुसरी बाजू, फुताबा रुग्णालयात दिसते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना बसच्या आसनांवर बसवून नेले गेले. एका खेपेचा प्रवास दहा तासांच्या आसपास लांबला. रुग्णालय व संलग्न वृद्धाश्रमातील चाळीसहून अधिक जण या धामधुमीत दगावले. पुढील वर्षांत फुकुशिमा प्रांतात आपत्तीशी अप्रत्यक्ष निगडित २,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. किरणोत्सर्गाशी संबंधित पहिला मृत्यू सरकारने २०१८ मध्ये मान्य केला. तो केंद्रावरील कामगाराचा होता. या आकड्यांची सरळ तुलना फसवी आहे, कारण लोक निघून गेल्यामुळेही त्यांची किरणमात्रा कमी राहिली.